कुणाला काढायचं?

मेलबर्नमध्ये नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न विचारले जातात. नाव काय, कुठून आलास, आणि टीम कुठली? या तिसऱ्या प्रश्नाला "अजून ठरवलं नाही" असं उत्तर देऊन चालत नाही. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनी "मूळचे कुठले?" असं विचारल्यावर "तसं काही नाही" म्हणून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय ते!

मी २००३ साली डोंबिवलीहून इथे आलो. माझी टीम मी ठरवली नाही, ती शेजारच्या आजोबांनी ठरवली. (आजोबा मी मनातल्या मनात म्हणायचो. तोंडावर इथल्या पद्धतीप्रमाणे नावानेच हाक. सत्तरीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारताना पहिली दोन वर्षं माझी जीभ अडखळायची.) कुंपणापलीकडून त्यांनी एक पिवळा-काळा मफलर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "थंडीत उपयोगी पडेल." मला वाटलं, काय प्रेमळ माणूस! तो मफलर म्हणजे रिचमंड नावाचा वीस वर्षांचा आजार आहे हे मला पुढे कळलं. :)

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा आपला फुटबॉल नव्हे आणि रग्बीही नव्हे. क्रिकेटच्या मैदानावर, एका बाजूला १८ माणसं, लांबट चेंडू. तो लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसायचा, फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने गेला तर ६ गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर १. म्हणजे नेम चुकला तरी थोडंसं काहीतरी मिळतंच. हा नियम मला फार आवडला, कारण आयुष्यात सहसा असं होत नाही.

रिचमंड हा मोठा, जुना क्लब. १९८० साली त्यांनी दहावी प्रीमियरशिप जिंकली आणि त्यानंतर जे काही बंद पडलं ते पडलंच. त्या काळी अव्वल आठ टीम्सना फायनल्समध्ये जागा मिळायची. ही आठांची पद्धत १९९४ साली सुरू झाली आणि त्याच वर्षी रिचमंड नववं आलं. मग १९९६, १९९८ आणि २००० सालीही नववं. पुढे २००६ आणि २००८ सालीही! आपल्याकडे दहावीत एक मार्क कमी पडून फर्स्ट क्लास हुकलेला एखादा चुलतभाऊ असतो ना, लग्नकार्यात ज्याचा विषय निघतोच, तशी या क्लबची गावभर ख्याती होती. नववा म्हणजे रिचमंड.

तर अशा टीमच्या पाठीराख्यांना जगायला एक आधार लागतो. तो आधार म्हणजे सिलेक्शन.

त्या काळी दर गुरुवारी संध्याकाळी टीम जाहीर व्हायची. मैदानावर १८ आणि बाकावर ४. बावीस नावं, आणि खाली दोन ओळी. इन आणि आउट. कोण आत आला, कोण बाहेर गेला. शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या चहाच्या खोलीत, ट्राममध्ये, भाजीच्या दुकानात एकच विषय. "याला का घेतला? त्याला का नाही घेतला? अमका रिझर्व्हमध्ये दर शनिवारी धुमाकूळ घालतोय, यांना दिसत नाही का? डोळे आहेत की बटणं?" मी भाषा नीट समजायच्या आधी हे रडगाणं समजायला लागलो. ते मला ओळखीचं होतं. मी मुंबईजवळ वाढलेला माणूस आहे. भारताच्या टीममध्ये आपल्या माणसावर कसा अन्याय झाला हे ऐकत आमची पिढी मोठी झाली.

आमच्या अण्णांचं - म्हणजे वडिलांचं - एक ठरलेलं दुःख होतं, पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, आणि कसोटी एकही नाही. अण्णा हे आकडे पाढ्यासारखे म्हणायचे. टीम कुठलीही असो, साल कुठलंही असो, निवड समितीचं नाव निघालं की अण्णा शिवलकरांपासून सुरुवात करायचे.

तसाच वारसा घेऊन मी आजोबांच्या ओसरीवर जाऊन बसलो आणि दुसऱ्याच गुरुवारी आवाज चढवून म्हणालो, "त्या अमक्याला घ्यायलाच पाहिजे होता!"

आजोबांनी शांतपणे विचारलं, "काढायचं कुणाला?"

मी गप्प.

आजोबांकडे एक वही होती. साधी, शाळेतली असते तशी. दर गुरुवारी टीम जाहीर व्हायच्या आधी ते त्यात स्वतःची टीम पेन्सिलीने लिहायचे. फुलबॅकपासून फुलफॉरवर्डपर्यंत, ज्याची जागा त्याच्या ओळीत, आणि खाली बाकावरचे चार. हे ते कित्येक वर्षं करत होते. त्यांचा नियम एकच. तक्रार करायची तर दोन नावं सांगायची. आत कोण आणि त्याच्यासाठी बाहेर कोण. नुसतं "अमक्याला घ्या" म्हणणाऱ्याशी ते वाद घालत नसत. "बावीसच जागा आहेत," एवढंच म्हणायचे.

मला त्या नियमाचा राग आला होता. मग एका रविवारी घरी फोन लावला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, कशावरून तरी शिवलकर निघाले, आणि माझ्या तोंडून गेलं, "अण्णा, पण मग काढायचं कुणाला?" पलीकडे बराच वेळ शांतता. आयएसडीचे पैसे जात होते. शेवटी अण्णा म्हणाले, "बेदीला नाही काढता येणार रे."

एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. शिवलकरांवर अन्याय झाला नाही असं नव्हे. पण अन्याय करणारा कुणी दुष्ट माणूस सापडला की दुःख सोपं होतं, आणि इथे तो सापडत नव्हता. असो.

२००४ साली रिचमंडने २२ पैकी ४ सामने जिंकले आणि सगळ्यात तळाला आले. तळाला येणाऱ्या टीमला इथे लाकडी चमचा मिळाला असं म्हणतात (खरा चमचा नसतो, नुसती बदनामी). पण तळाला येण्याचा एक फायदा असतो. वर्षाच्या शेवटी नव्या पोरांचा ड्राफ्ट होतो, आणि त्यात तळातल्या टीमला आधी निवडायला मिळतं. देशभरातली १७-१८ वर्षांची पोरं, एकेक नाव पुकारलं जातं, आणि ज्याने पुकारलं त्या क्लबच्या गावी त्याने जायचं. २००४ च्या ड्राफ्टमध्ये रिचमंडला पहिला आणि चौथा असे दोन नंबर होते. पहिल्याला त्यांनी ब्रेट डेलिडिओला घेतलं. चौथ्याला रिचर्ड टॅम्बलिंगला. पाचव्या नंबरवर हॉथॉर्न होतं. त्यांनी घेतलं लान्स फ्रँकलिनला.

ज्यांना फुटी माहीत आहे त्यांनी इथे उसासा टाकला असेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फ्रँकलिन म्हणजे या खेळातला आमच्या काळातला सगळ्यात मोठा गोल करणारा माणूस. २००८ च्या एका मोसमात ११३ गोल, त्याच वर्षी हॉथॉर्नला प्रीमियरशिप. २०२२ साली त्याने हजारावा गोल मारला तेव्हा सिडनीच्या मैदानावर हजारो लोक कुंपण ओलांडून धावत आत आले. १०६६ गोलांवर तो थांबला. आणि आम्ही त्याला एका नंबराने सोडला होता.

टॅम्बलिंग वाईट खेळाडू होता का? अजिबात नाही. नॉर्दर्न टेरिटरीतून आलेला अ‍ॅबोरिजिनल मुलगा, अठरा वर्षांचा, पायात वेग, हालचालीत नजाकत. रिचमंडसाठी तो शंभराहून जास्त सामने खेळला. ज्यांची नावं ड्राफ्टमध्ये पुकारली जातात त्यांतल्या पुष्कळांना तेवढेही मिळत नाहीत. पण त्याच्या हातून चेंडू सुटला की आमच्या स्टँडमध्ये कुणीतरी ओरडणार, "फ्रँकलिन असता तर!" आणि लोक हसणार. तिकडे फ्रँकलिनने शनिवारी सात गोल मारले, की रविवारी इकडे टॅम्बलिंगला शिव्या. त्याचा सामना त्या दिवशी कुणाशीही असो, एक सामना त्याला कायम फ्रँकलिनशी खेळावा लागायचा, आणि तो जिंकणं शक्यच नव्हतं.

ओरडणाऱ्यांत मीही होतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण होतो. २००७ साली तर कहर झाला. पूर्ण मोसमात तीन विजय आणि एक बरोबरी. मे महिन्यात जिलाँगने आम्हाला १५७ गुणांनी हरवलं. १५७! तो सामना संपायच्या आधीच आमची निम्मी माणसं उठून गेली होती, आणि उरलेली ओरडायला थांबली होती. मी थांबलो होतो. नव्या देशात चार माणसांबरोबर एका सुरात ओरडायला मिळणं यात केवढं सुख आहे हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. इथे आलो तेव्हा सात महिने मला नोकरी नव्हती. चांगल्या डिग्रीला, नऊ वर्षांच्या अनुभवाला एकच उत्तर यायचं. "लोकल एक्स्पिरिअन्स नाही." तीन ओळींचं पत्र, खाली शुभेच्छा. माझं नाव कायम आउटच्या ओळीत. मग शनिवारी एमसीजीवर जाऊन बसलो की मी निवडणारा व्हायचो. याला काढा, त्याला काढा! आठवडाभर जे माझं व्हायचं ते मी तिथे दुसऱ्याचं करायचो. हे तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

आजोबा ओरडायचे नाहीत. म्हणजे अंपायरवर ओरडायचे, "बॉऽऽऽल!" म्हणून अख्ख्या स्टँडबरोबर गर्जायचे. पण आपल्या पोरांवर नाही. एकदा मी टॅम्बलिंगबद्दल काहीतरी बोललो, तर म्हणाले, "चौथ्या नंबरला तो स्वतः गेला नव्हता. आम्ही घेतला त्याला." मला वाटलं, म्हातारा भावनाप्रधान आहे. मी ते सोडून दिलं.

ते पुन्हा समोर आलं २०१३ साली, आणि तेही आमच्या घरात.

आमचे चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे. उपनगरातल्या एका छोट्या क्लबात बारा वर्षांखालच्या टीममध्ये होते. फार चांगले नव्हते, फार वाईटही नव्हते. एरवी बाकावर किंवा कोपऱ्यात कुठेतरी. जून महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कडाक्याची थंडी, चिखल, आणि नेहमीचा फुलबॅक आजारी. कोच म्हणजे कुणातरी मुलाचा बाप, बिचारा आठवडाभर काम करून रविवारी शिट्टी गळ्यात घालून उभा राहणारा. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि आमच्या पोराला सांगितलं, "आज तू फुलबॅक."

फुलबॅक म्हणजे समोरच्याच्या गोल मारणाऱ्या माणसाला अडवायचं. समोरचा पोरगा आमच्या पोरापेक्षा हातभर उंच होता. त्याने पाच गोल मारले. पाचही वेळा माझा मुलगा त्याच्या मागे धावत होता आणि पाचही वेळा एक पाऊल उशिरा पोचत होता. मी सीमारेषेजवळ कॉफीचा कप धरून उभा. चौथ्या गोलनंतर माझ्या मागून एक आवाज आला, "याला कुणी घेतला तिथे?" दुसरा म्हणाला, "हा कसला फुलबॅक, याला बाहेर काढा." मग दोघं हसले. वाईट माणसं नव्हती ती. तो मुलगा माझा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी मागे वळलो नाही. वळून काय सांगणार होतो? त्यांचं हसणं मला पाठ होतं. मी स्वतः तसाच हसलेलो होतो.

गाडीत बसल्यावर पोरगं खिडकीबाहेर बघत होतं. गुडघ्यावर वाळलेला चिखल. मी नेहमीचं बापासारखं काहीतरी बोललो, "ठीक आहे रे, पुढच्या वेळी जरा आधी निघ जागेवरून." तो एकदम वळून म्हणाला, "बाबा, मी काय सांगितलं होतं का मला फुलबॅक करा म्हणून?"

त्याने ऐकलं होतं. सीमारेषेजवळ बोललेलं मैदानात ऐकू जात नाही असं आपल्याला वाटतं.

त्या रात्री मला टॅम्बलिंग आठवला. तो तेव्हा रिचमंडमध्ये नव्हताही, २०१० च्या मोसमानंतर अ‍ॅडलेडला गेला होता. मला पहिल्यांदाच नीट दिसलं की आम्ही सहा वर्षं काय करत होतो. निवड चुकली असेल, तर चूक निवडणाऱ्याची. खोलीत बसून, कागद बघून, चौथं नाव पुकारणाऱ्या प्रौढ माणसांची. पण ती माणसं मैदानात दिसत नाहीत. तिथे दिसतो तो नाव पुकारलेला मुलगा. मग सगळ्यांचा हिशेब त्याच्याकडून वसूल होतो. आणि तो बिचारा काय करणार? घरापासून हजारो किलोमीटरवर येऊन तो फक्त पळू शकतो. एक पाऊल उशिरा.

दुसऱ्या दिवशी आजोबांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, बघ, मी म्हणत होतो ना. तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोचकडे दुसरा कोण होता?" मी विचार केला. खरंच, दुसरा कोण होता? बाकावर दोघं होते, दोघंही माझ्या पोरापेक्षा लहान चणीचे. "मग त्याने बरोबर केलं," आजोबा म्हणाले. "ते लोक गुरुवारी चुकतात. आपण रविवारी बरोबर असतो. एवढाच फरक."

तेव्हापासून मी ठरवलं, शिव्या द्यायच्या तर निवडणाऱ्यांना. आणि संधीही भरपूर मिळाल्या. त्याच वर्षी, २०१३ साली, बारा वर्षांनी आम्ही फायनल्समध्ये पोचलो. समोर कार्लटन. कार्लटन खरं तर नववं आलं होतं, पण एसेंडनला औषधांच्या प्रकरणात बाहेर काढल्यामुळे त्यांना जागा मिळाली. आणि मध्यंतराला पुढे असलेलं आमचं रिचमंड नवव्या नंबरकडून हरलं! ज्या नंबरावरून आयुष्यभर टोमणे खाल्ले त्याच नंबराने घात केला. २०१४ साली ओळीने नऊ सामने जिंकून आत शिरलो, आणि पहिल्याच फायनलला पोर्ट अ‍ॅडलेडने ५७ गुणांनी लोळवलं. २०१५, पुन्हा पहिल्याच फायनलला गारद. २०१६ साली तेरावे, आणि शेवटच्या सामन्यात सिडनीकडून ११३ गुणांनी मार.

आता मात्र सगळ्या गावाचं एकमत होतं. कोच डेमियन हार्डविकला काढा. त्याची सात वर्षं झाली होती. बोर्ड बरखास्त करा म्हणून एक गट उभा राहिला होता. मीही शुक्रवारी चहाच्या खोलीत हिरिरीने बोलायचो. हार्डविक गेला पाहिजे, टीम तीच, विचार तोच, निवड तीच. आणि माझ्याकडे आता दोन्ही नावं तयार असायची, आत कोण आणि बाहेर कोण. आजोबांचा नियम पाळून!

क्लबने हार्डविकला काढलं नाही. अध्यक्ष पेगी ओ'नील, सीईओ ब्रेंडन गेल, सगळे होते तिथेच राहिले. उलट गेला कोण, तर डेलिडिओ. २००४ चा पहिला नंबर, जी निवड बरोबर ठरली तो. २४३ सामने रिचमंडच्या पडत्या काळात खेळून २०१६ च्या शेवटी तो दुसऱ्या क्लबात गेला.

आणि २०१७ साली रिचमंड जिंकलं. तोच कोच, बरीचशी तीच माणसं, तिघं-चौघं नवीन. ३० सप्टेंबर, एमसीजी, एक लाखाहून जास्त माणसं, अ‍ॅडलेडला ४८ गुणांनी हरवलं. सदतीस वर्षांनी!

आम्हाला तिकिटं मिळाली नाहीत. मी, बायको, चिरंजीव, सगळे आजोबांच्या दिवाणखान्यात. ही इडल्या घेऊन आली होती आणि आजोबांनी त्या सॉसबरोबर खाल्ल्या. शेवटचं सायरन वाजलं तेव्हा ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. थोड्या वेळाने मला म्हणाले, "ती वही दे जरा."

गुरुवारचं पान उघडून त्यांनी माझ्यासमोर धरलं. पेन्सिलीने लिहिलेली बावीस नावं. मी वाचत गेलो आणि लक्षात आलं, त्यात जॅक ग्रॅहम नव्हता. एकोणीस वर्षांचा पोरगा, आयुष्यातला पाचवा सामना. त्याच्या जागी आजोबांनी एक जुना अनुभवी माणूस लिहिला होता. ग्रॅहमने त्या दिवशी तीन गोल मारले होते, आणि वर अ‍ॅडलेडच्या रोरी स्लोनला धरून ठेवलं होतं.

"मी त्याला काढला होता," आजोबा म्हणाले, आणि खोकला येईपर्यंत हसले. सदतीस वर्षं वाट बघितलेल्या दिवशी स्वतःची चूक दाखवताना मी इतका खूश झालेला माणूस दुसरा पाहिला नाही.

मला तेव्हा हसू आलं, पण नंतर विचार करत राहिलो. आजोबा इतकी वर्षं वहीत टीम लिहीत होते ती आपण निवड समितीपेक्षा शहाणे आहोत हे सिद्ध करायला नाही. आपण किती वेळा चुकतो हे कळावं म्हणून. माझ्यासारखे ओरडणारे कुठे काही लिहून ठेवतात? आम्हाला आमच्या बरोबर ठरलेल्या तेवढ्या आठवतात. फ्रँकलिनला घ्यायला हवं होतं हे आम्ही २००८ साली ठामपणे सांगितलं. २००४ च्या नोव्हेंबरात मी त्याचं नाव तरी ऐकलं होतं का?

पुढे २०१९ साली तर याच्यावर कडी झाली. ग्रॅहम ग्रँड फायनलच्या आधीच्या आठवड्यात जखमी झाला, आणि त्याच्या जागी क्लबने कुणाला घ्यावं? मार्लिअन पिकेट. सत्तावीस वर्षांचा, तरुणपणी तुरुंगवास भोगलेला, पश्चिम ऑस्ट्रेलियातून त्याच वर्षी मधल्या ड्राफ्टात उचललेला, वरच्या टीमसाठी एकही सामना न खेळलेला. पहिलाच सामना, आणि तोही ग्रँड फायनल! असं १९५२ नंतर झालं नव्हतं. मी वहीचा नियम विसरून ओसरीवरून ओरडलो, "वेडे झालेत का?" आजोबांनी या वेळी मला प्रश्न विचारला नाही. त्यांनी वही दाखवली. पिकेट होता तिथे. पेन्सिल जरा जोरात दाबून लिहिला होता. "मागच्या आठवड्यात रिझर्व्हच्या फायनलमध्ये बघितला," म्हणाले. "तू बघितलास?" मी नव्हता बघितला. पिकेट ग्रँड फायनलमध्ये कसा खेळला ते सगळ्या मेलबर्नला माहीत आहे. त्याने एक गोल मारला आणि रिचमंड ८९ गुणांनी जिंकलं.

२०२० साली आणखी एक प्रीमियरशिप झाली. मग माणसं म्हातारी झाली, एकेक करून निवृत्त झाली, आणि २०२४ साली रिचमंड पुन्हा तळाला. २३ पैकी २. चक्र पूर्ण झालं. पुन्हा शुक्रवारी तीच चर्चा, पुन्हा डोळे आहेत की बटणं. मधल्या काळात जन्मलेल्या, जिंकण्याचीच सवय लागलेल्या छोट्या पाठीराख्यांना हे सगळं नवीन आहे. त्यांच्या बापांना नाही.

आजोबा आता वृद्धाश्रमात आहेत. घर विकलं, ओसरी गेली, वही आहे. हात थरथरतो म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलंय. ते नाव सांगतात, मी लिहितो. मधूनच थांबतात, दोन पोरांत अडकतात, आणि मला विचारतात, "काढायचं कुणाला?" मी एखादं नाव सांगतो. पूर्वी झटकन सांगायचो, आता वेळ लागतो. एकोणीस-वीस वर्षांची पोरं आहेत. कुणाची आई तिकडे पर्थला टीव्हीसमोर बसलेली असते, कुणाचा बाप कुठल्यातरी गावात.

चिरंजीव आता मोठे झाले आहेत. फुटी केव्हाच सोडली, पण एमसीजीला माझ्याबरोबर येतात. गेल्या मोसमात आमच्या एका नव्या पोराच्या हातून समोर गोल असताना चेंडू सुटला. आमच्या मागे कुणीतरी ओरडलं, "याला घेतला कुणी?" मुलाने माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. मीही बोललो नाही. दोघांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात. त्याला ऐकू गेल्या की नाही कुणास ठाऊक.

असो. आज गुरुवार आहे. पेन्सिलीला टोक करून ठेवलंय. साडेपाचला निघायला हवं.